मातीच्या पोटातली वीण

बसा.

पाठ टेकायला काही असेल तर टेका. नसेल तरी चालेल. हात मांडीवर मोकळे सोडा.

एक श्वास घ्या. दुसरा त्याच्या वेळेने येईल.

आज एकच गोष्ट बघायची आहे. एक भिंत. ती अजून भिंत झालेली नाही, होते आहे.

गाव वैनगंगेच्या पूर्वेला, गडचिरोलीच्या बाजूला आहे. नाव नको. झाडीपट्टीत अशी गावं पुष्कळ. चैत्र संपत आला आहे. मोहफुलं वेचून झाली, तेंदूपत्ता अजून सुरू व्हायचा आहे. या मधल्या दिवसांत घराची कामं निघतात.

सकाळ आहे. ऊन अजून अंगाला टोचत नाही. घरामागच्या सांदवाडीत शेणाचा ओला वास आहे.

समोर कुड उभा आहे.

नुसता कुड. माती चढायची आहे. दोन्ही कडांना सागाच्या मेढी, मध्ये उभे रोवलेले बांबू, आणि त्यांच्यातून आडव्या गेलेल्या कमच्या. एक कमची पुढून, मग मागून, मग पुढून. तिच्या वरची मागून, पुढून, मागून.

बघा. नुसतं बघत राहा.

कुडातून पलीकडचं दिसतं. तुकड्या-तुकड्यांनी. एका भोकात फणसाचं पान, दुसऱ्यात कोणाची तरी साडी, तिसऱ्यात फक्त उजेड.

आता नजर एका जागी आणा. आडवी कमची उभ्या बांबूवरून जिथे जाते, तिथे.

कमची किंचित वाकलेली आहे. तिला सरळ व्हायचं आहे. बांबू होऊ देत नाही. ती त्याला दाबते, तो तिला अडवतो. दोघंही आपापल्या जागी राहतात.

तिथे खिळा नाही. दोर नाही.

श्वास आत येतो. श्वास बाहेर जातो.

थांबा इथे थोडं.

*

मनातल्या मनात एक कमची हातात घ्या.

ओली आहे. काल-परवाच चिरलेली. एक बाजू गुळगुळीत, हिरवी, ती साल. दुसरी बाजू फिकट, थोडी खरबरीत; ते पोट. अंगठा सालीवरून फिरवा. मग पोटावरून.

हा मानवेल बांबू. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बांबू म्हटला की बहुतेक हाच. पोकळी कमी, अंगाने काटक. कटांगही आहे नदी-नाल्याच्या कडेने, काटेरी, जाड. पण कमचीला हात जातो तो मानवेलाकडे.

कमचीची कड डोळ्यांजवळ आणा. बारीक ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे तंतूंच्या एका जुडीचं टोक. सालीकडे ठिपके दाट, पोटाकडे विरळ. आणि कांडीभर हे सगळे तंतू एकाच दिशेने जातात, बुंध्याकडून शेंड्याकडे. आडवा तंतू नाही. म्हणून तर कोयत्याचा एक घाव बसला की बांबू फाटत जातो, सरळ, पेराला जरासा अडतो, पुन्हा सुटतो.

तो आवाज ऐका. कडाड. मग पेर. मग कडाड.

आता कमची दोन्ही टोकांना धरा आणि ओढा. जोर लावा.

काही होत नाही.

पुन्हा ओढा. ती तुमच्याकडे बघत नाही, तक्रार करत नाही. ताण घेते आणि तशीच राहते.

हात सैल सोडा.

(या बांबूवर गावाचा हात मोकळा झाला, तेही फार जुनं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला परवाना लागतच होता. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्याआधी हाच बांबू वर्षानुवर्षं गाड्या भरभरून कागदाच्या गिरणीला जात होता आणि गाव बघत होतं.)

श्वासाकडे परत या.

*

कुडाच्या बाजूला खड्डा आहे. खड्ड्यात माती भिजते आहे, कालपासून.

झाडीपट्टीत मातीला नावं आहेत. कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरड. कन्हार काळी, चिकट. भिंतीला एकटी लावली तर वाळताना फुटते. बरड नुसती भरभरीत; हाताला धरत नाही. भिंतीची माती या दोन टोकांच्या मधली कुठलीतरी, किंवा दोन मातींची मिसळ. कोणती किती, हे प्रत्येक घर आपलं आपलं ठरवतं.

खड्ड्यात एक बाई उतरली आहे. साडीचा काचा मारलेला. ती माती तुडवते आहे. लेक काठावर तणस घेऊन उभी. धानाचं तणस, विळ्याने आखूड केलेलं.

"माय, अजून पानी टाकू का?"

"नको टाकू. पायाले समजते."

आणि ती तुडवत राहते.

तुम्हीही उतरा. मनाने. चप्पल काठावर राहू द्या.

पहिलं पाऊल थंड लागतं. माती बोटांच्या मधून वर येते. टाच खाली कशावर तरी टेकते. एक ढेकूळ. ते फुटतं.

दुसरं पाऊल.

तणस पायाला टोचतं, मग मऊ होतं, मग लागेनासं होतं. ते गेलेलं नाही. मातीत मिसळलं. शेणही मिसळलं, त्यातही गुराने न पचवलेल्या गवताचे बारीक धागे आहेत.

तुडवा. सावकाश. एक पाय, मग दुसरा.

पाय उचलताना माती सोडत नाही. चक् असा आवाज होतो. तो आवाज बदलला की माती झाली.

ऐका.

*

आता खड्ड्याबाहेर या. पाय तसेच राहू द्या, मातीने भरलेले.

मूठभर माती घ्या. तणस न घातलेली, नुसती, ओलसर. मूठ आवळा.

दाबा. अजून दाबा. माती दाब घेते. जितकं दाबाल तितकी ती घट्ट होते. मूठ उघडली की गोळा तळहातावर तसाच बसलेला, बोटांच्या खुणा अंगावर घेऊन.

त्या गोळ्याकडे बघा.

आता त्याला दोन्ही बाजूंनी धरा. आणि ओढा. अगदी हलकेच.

सुटला.

असं किती हलकं ओढलं होतं! तरी सुटला.

मातीचं सगळं येऊन थांबतं ते इथे. तिच्यावर घर ठेवा, देऊळ ठेवा, तलावाची पाळ बांधा, ती दाब सोसते. ताण मात्र तिला सोसत नाही. डोंगराचा कडा सुटतो तेव्हा, रस्त्याची बाजू खचते तेव्हा, भिंतीला तडा जातो तेव्हा कुठेतरी मातीला ताण पडलेला असतो.

आणि कमचीला तोच तर येतो सोसायला.

यावर फार विचार करू नका. नुसतं दोन्ही हातांना आठवू द्या. डाव्या हातात सुटलेला गोळा. उजव्या हातात न सुटलेली कमची.

एक श्वास डाव्या हाताकडे.

एक श्वास उजव्या हाताकडे.

*

आता लिंपण सुरू होतं.

बाई ओंजळभर माती उचलते आणि कुडावर थापते. तळहाताने, खालून वर. धप्प. पलीकडून लेक थापते. धप्प. दोघी एकमेकींना दिसत नाहीत आता. खालची भोकं बुजली. उजेडाचे तुकडे एकेक करून जातात.

त्यातलं एक भोक निवडा. फणसाचं पान दिसत होतं ते.

अलीकडची माती त्या भोकात शिरते. पलीकडची पण शिरते. मध्ये, कमचीच्या पोटाशी, दोन्ही माती भेटतात आणि एक होतात. आता कमचीच्या वर माती आहे, खाली माती, पुढे माती, मागे माती. कमची सापडत नाही.

ती आत आहे.

बघत राहा त्या जागेकडे, जिथे आता काही दिसत नाही.

एकेका भोकातून माती आरपार गेली आहे आणि प्रत्येक कमचीला चारी बाजूंनी कवळून बसली आहे. मातीला खाली घसरायचं असेल तर कमचीला घासून जावं लागेल. कमचीला निसटायचं असेल तर मातीला घासून. घासणं एवढंच त्यांच्यातलं बंधन. अभियंते त्याला घर्षण म्हणतात आणि त्याचं गणित मांडतात. मोठाली धरणं आणि उड्डाणपुलांचे भराव यांच्याइतकंच ते या भिंतीलाही लागू आहे.

धप्प.

पलीकडून, धप्प.

हा आवाज तुमच्या श्वासाच्या लयीत येतो का, बघा. नाही आला तरी असू द्या.

*

भिंत वाळते आहे.

आज काही करायचं नाही. उद्याही नाही. ऊन आणि वारा काम करतात.

जवळ जा. नाक भिंतीच्या इतकं जवळ की वास यावा. ओली माती, शेण, कुठेतरी आत हिरवा बांबू.

पहिल्या थराला तडे जातात. बारीक, केसाएवढे, मग थोडे रुंद. पाणी निघून जातं तशी माती आकसते, आणि आकसणं म्हणजे स्वतःलाच ओढणं. ताण. इथे तो तणसाच्या काड्यांवर येतो. एक मोठी भेग पडायची, त्याऐवजी शंभर लहान पडतात. तुकडा मात्र पडत नाही. बोटाने ढकलून बघा. जागचा हलत नाही.

त्या तड्यांवर दुसरा थर बसेल, पातळ, चाळलेल्या मातीचा. तडे असतात म्हणूनच तो धरून राहतो. मग शेणाचं सारवण. मग पांढरी माती, खाली गेरूचा पट्टा.

सरकारी कागदावर या घराच्या रकान्यात "कच्चं" असं लिहिलेलं असतं. असू द्या. घरकुलाच्या विटा-सिमेंटच्या खोलीत मे महिन्यात दुपारी बसून बघा आणि मग या भिंतीला पाठ लावून बघा. कोणतं कच्चं ते पाठीला कळतं. मात्र उधईपुढे आणि उघड्या पावसापुढे ही भिंत खरोखरच कच्ची आहे. छपराची वळचण आखूड पडली की पायथा धुपतो, कुड उघडा पडतो. म्हणून वळचण लांब, म्हणून ओटा उंच, म्हणून दरवर्षी लिंपण.

झाकलेला असतो तोवर बांबूला माती कोरडं ठेवते, आणि बांबू मातीला धरून ठेवतो.

बांबूचा दुसरा एक उपयोग वणी–वरोरा महामार्गावर आहे. २०२३ मध्ये तिथे २०० मीटर लांबीचा बांबूचा कठडा बसवला, गाड्या रस्त्याबाहेर जाऊ नयेत म्हणून. त्याला नाव दिलंय बाहुबल्ली. त्या बांबूला क्रिओसोट तेल पाजलं आहे आणि वरून पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकचा थर आहे. उघड्यावर उभं राहायचं तर ते करावं लागतं. कुडाला ते लागत नाही.

श्वास.

*

थोडं दूर जाऊ. डोळे मिटून जाता येईल इतकंच दूर.

बगदादच्या पश्चिमेला अकर कूफ नावाची जागा आहे. वाळवंट, तापलेलं आकाश, आणि मध्ये कच्च्या विटांचा एक प्रचंड गाभा उभा. सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचा मनोरा. अजून ५० मीटरच्या वर उंच आहे.

त्याच्या अंगावर आडव्या रेषा दिसतात. विटांचे काही थर, मग एक रेषा. पुन्हा विटा, पुन्हा रेषा. जवळ गेलं की रेषेतून काड्या बाहेर आलेल्या दिसतात. नदीकाठच्या बोरूच्या जातीचं गवत, विणून चटया केलेल्या आणि थराथरात अंथरलेल्या. त्याच गवताचे जाड दोर वळून मनोऱ्याच्या आरपार घातलेले.

कोणीतरी ती चटई विणली. मग तिच्यावर माती टाकली. मग ती दिसेनाशी झाली.

तिकडचं तिकडे राहू द्या. परत येऊ.

*

परत येताना रस्त्याने येऊ.

वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. धानाच्या बांध्या संपतात, जंगल लागतं, ते मागे पडतं, आणि वरोरा-भद्रावतीकडे जाताना जमीन काळी होत जाते. कापसाची जमीन. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जाईल. पावसाळ्यात ती फुगते आणि पाऊल धरून ठेवते.

अशा जमिनीवर गावाला जाणारा एक रस्ता बघा. नुकताच केलेला. खाली काळी माती, वर मुरूम, वर खडी.

पाऊस सुरू होतो.

माती मऊ पडते. ट्रॅक्टर जातो. खडी मातीत रुतते, एक बोट. माती खडीच्या फटींतून वर येते, एक बोट. पुन्हा ट्रॅक्टर. पुन्हा एक बोट. वरून काही दिसत नाही. दोन पावसाळ्यांनी खडी सापडत नाही आणि चिखल मात्र वर आलेला असतो. लोक म्हणतात, रस्ता खाल्ला. कोणी खाल्ला ते ज्याचं त्याने ठरवावं, पण थोडा तरी मातीने खाल्लेला असतो.

आता मनाने तो रस्ता उचला, पुस्तकाचं पान उचलावं तसा, आणि माती व खडी यांच्या मध्ये एक वीण अंथरा.

नारळाच्या काथ्याची. जाड सुतळीची, तांबूस, उभी-आडवी, चौकोनी डोळ्यांची. भारतीय मानकांत तिला भूवस्त्र म्हणतात. चौरस मीटरला ४०० ग्रॅम, ७०० ग्रॅम, ९०० ग्रॅम अशा तिच्या प्रती आहेत. तागाचीही असते, अधिक मऊ, अधिक दाट.

हात फिरवा तिच्यावरून. काथ्या बोटांना टोचतो. समुद्राकाठचा आहे तो, इथला नाही. झाडीपट्टीत नारळ कुठला! इथे दोराला वाख मिळतो तो अंबाडीचा. पण टोचणं ओळखीचं आहे.

आता तिच्यावर खडी पडते. वीण झाकली जाते.

ट्रॅक्टर येतो.

वरून दाब. थर खाली वाकतो, आणि वाकताना त्याचा तळ ताणला जातो. तिथे आता काथ्या आहे. तो ताण घेतो, जागेवर राहतो, दाब आजूबाजूला वाटून देतो. खडी वरच राहते. माती खालीच राहते. पाणी मात्र डोळ्यांमधून झिरपून जातं, त्याला अडवलेलं नाही.

पाणी जातं.

माती राहते.

हे दोन एकाच जागी होत आहेत. त्या जागेवर थोडा वेळ मन ठेवा.

२०२० मध्ये प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात काथ्याची ही वीण घालून रस्ते करायला मंजुरी मिळाली. सात राज्यांत १,६७४ किलोमीटर, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ३२८. आकडे वाचून पुढे जाऊ.

*

आता सगळ्यात हळू होणारी गोष्ट.

काथ्या कुजतो.

या वाक्याशी घाई करू नका.

रस्त्याखाली अंधार आहे, ओल आहे. तिथे काथ्या पडून आहे. सूक्ष्म जीव त्याच्याकडे येतात. ताग त्यांना लवकर मिळतो, वर्ष-दोन वर्षांत. काथ्यात लिग्निन फार, लाकडाला कठीणपणा देणारा तोच पदार्थ. म्हणून तो चार-पाच वर्षं तग धरतो. पण कुजतो.

एक धागा तुटतो. आवाज होत नाही.

दुसरा.

कोणी विचारेल, मग काय उपयोग?

उत्तर देऊ नका. मातीकडे बघा.

इतकी वर्षं तिच्यावरून गाड्या गेल्या. प्रत्येक वेळी ती थोडी दबली. वीण होती म्हणून खडी रुतली नाही, पाणी निघून जात राहिलं, आणि माती कणाकणाने घट्ट बसत गेली. काथ्याचं बळ कमी होत होतं त्याच काळात मातीचं वाढत होतं. शेवटचा धागा तुटतो तोवर मातीला त्याची गरज उरलेली नसते.

हे सगळीकडे खरं नाही, हेही सांगितलं पाहिजे. उंच उभ्या भरावाला, पुलाच्या तोंडाशी, जिथे मातीला ताण कायमचाच आहे तिथे काथ्या घालून घरी जाता येत नाही. तिथे पोलाद किंवा कृत्रिम धागाच हवा. काथ्याचं काम मातीच्या पहिल्या काही वर्षांचं. कुठे किती वर्षं धरायचं हे नीट बघून ठरवलं, तर शंभर वर्षं न कुजणारं प्लॅस्टिक जमिनीत पुरायची गरज बऱ्याच ठिकाणी पडत नाही. माझं मत विचाराल तर आपण ते बघतच नाही. जास्त टिकणारं ते चांगलं, एवढं एकच माप आपल्याकडे आहे.

असो. मत बाजूला ठेवा. श्वास घ्या.

आत येणारा श्वास थंड आहे.

बाहेर जाणारा किंचित ऊन.

*

एक शेवटची जागा राहिली.

चंद्रपूरच्या भोवती, घुग्गुसला, दुर्गापूरला, राजुऱ्याजवळ सास्तीला, उघड्या कोळसा खाणी आहेत. कोळशाच्या वर जी माती आणि दगड होते ते उपसून बाजूला टाकलेले. त्याचे डोंगर झाले आहेत. सपाट माथ्याचे, उभ्या उताराचे. इथल्या माणसाला दूरवरून ओळखू येतात.

अशा एका उताराच्या पायथ्याशी उभे राहा.

ही माती उलटी झालेली आहे. वरची खाली गेली, खालची वर आली. तिच्यात मुळं नाहीत, गांडुळं नाहीत. पाऊल ठेवलं तर सुटून येते.

मृगाचा पहिला थेंब पडतो.

थेंबाकडे बघा. तो उतारावर आपटतो, एक लहानसा खड्डा करतो, चार कण उडवतो. उडालेले कण खालच्या बाजूला पडतात. दुसरा थेंब. तिसरा. मग पाणी धावायला लागतं, त्याला वाट सापडते, वाटेची घळ होते, आणि उतार पायथ्याशी येऊन पडतो. तिथून नाला. नाल्यातून इरई नदी.

आता पाऊस थांबवा. मनात थांबवता येतो.

उतारावर काथ्याची जाळी अंथरा. वरच्या टोकाला चर खणून ती पुरा, खाली सोडत या, बांबूच्या खुंट्या ठोका. जाळीखाली गवताचं बी आहे.

पाऊस पुन्हा सुरू.

थेंब सुतळीवर पडतो. त्याचा जोर तिथेच जातो. पाणी खाली निघतं, हातभर जायच्या आत आडवी सुतळी लागते. ते थांबतं. सोबत आणलेले कण तिथे ठेवतं, पुढे जातं. पुन्हा सुतळी. पुन्हा थांबतं. एकेका सुतळीमागे मातीची बारीक रेघ साठते. त्या रेघेत ओल राहते.

एका डोळ्यात बघा. एकाच चौकोनात.

काही दिवस तिथे काही नाही. ओल आहे फक्त.

मग एक हिरवं टोक.

त्याच्या खाली, आपल्याला न दिसणारं, एक मूळ उतरतं आहे. केसाएवढं. मातीच्या दोन कणांच्या मधून. त्याला फाटे फुटतात. शेजारच्या रोपाचं मूळ येतं, त्याला ओलांडून जातं. उभं, आडवं, वरून, खालून. ती दुसरी वीण आहे आणि ती कोणी विणत नाही. तिलाही ओढ सोसते.

वर काथ्या जुना होतो आहे. खाली मुळं नवी आहेत.

बसा इथे. जितका वेळ बसावंसं वाटेल तितका.

काही समजून घ्यायचं नाही. पाऊस पडतो आहे, आणि यावेळी पाणी कमी गढूळ आहे.

*

आता हाताची बोटं हलवा. पायाची हलवा. खोलीतले आवाज येऊ द्या. डोळे सावकाश उघडा.

आणि उठण्याआधी एक विनंती. रस्त्याच्या कापलेल्या उतारावर, कालव्याच्या काठी किंवा तलावाच्या पाळीवर तांबूस सुतळीची अशी जाळी अंथरलेली कधी दिसली, तर तिच्यावरून जवळची वाट काढू नका. खुंटी उपटू नका, सुतळी दोर म्हणून घरी नेऊ नका, त्या बाजूला शेळ्या सोडू नका. पहिला पावसाळा तेवढा जाऊ द्या. गवत धरलं की मग जनावरांनाही चरायला मिळेल.